तीराचे वजन : कारागिराची युक्ती आणि फकीहांचा प्रश्न

मध्ययुगीन युद्धतंत्र आणि शिकार यांविषयी वर्गात शिकवताना घोडा, तलवार, पोलाद आणि तोफ यांना पुरेसा वेळ मिळतो. तिरंदाजाचाही उल्लेख होतो. तीर मात्र तिरंदाजाच्या मागे लपतो. तो कशाचा होता, किती वजनाचा होता, त्याचे टोक जड होते की शेपटी, हे प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. वास्तविक ज्या परंपरेत तिरंदाजीला पुण्यकर्माचे स्थान मिळाले त्या परंपरेत तीर करणाऱ्या हाताची आठवण सुरुवातीपासून आहे. हजरत उक्बा इब्न आमिर यांच्याकडून आलेल्या आणि तिरमिजी व अबू दाऊद यांच्या संग्रहांत नोंदलेल्या हदीसचा आशय असा की एका तीराच्या निमित्ताने तिघांना जन्नत मिळते : चांगल्या हेतूने तो तयार करणारा, तो सोडणारा आणि तो सोडणाऱ्याच्या हाती देणारा. यात कारागिराचे नाव आधी घेतले आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या कारागिरासमोर सतत एक पेच असे. तीर हलका ठेवावा तर तो दूर जातो, पण लागल्यावर खोल शिरत नाही. जड करावा तर खोल शिरतो, पण लवकर खाली येतो. शिकाऱ्याला बहुधा दुसरा प्रकार हवा असतो, कारण त्याला मैदान पार करायचे नसते. वीस-तीस पावलांवर उभ्या असलेल्या हरणाच्या फासळ्यांतून तीर आत गेला पाहिजे. तो अर्धवट शिरला तर जनावर जखमी होऊन जंगलात नाहीसे होते आणि तिथेच तडफडून मरते. शिकाऱ्याचे जेवण जाते आणि जनावराचे हाल होतात. म्हणून तीराला वजन देण्याच्या युक्त्या जगभर सापडतात आणि त्यांतल्या बहुतेक फुकटच्या किंवा स्वस्त वस्तूंनी साधलेल्या आहेत : जड लाकडाचा तुकडा, तांत, राळ, लाख, खिळा.

जड तीर सोडल्याने कमानीची ताकद वाया जात नाही का, अशी शंका विद्यार्थी घेतात. उलट आहे. कमान ओढताना जी ऊर्जा साठते ती सगळी तीराला मिळत नाही. काही भाग कमानीचे बाहू आणि दोरी यांना पुढे फेकण्यातच खर्च होतो. हिशेबासाठी असे धरता येते की बाहू आणि दोरी म्हणजे तीरालाच चिकटलेले आणखी थोडे वजन आहे. समजा हे जादा वजन ८ ग्रॅम आणि कमानीतून सुटणारी ऊर्जा ६० ज्यूल आहे. २० ग्रॅमचा तीर सेकंदाला सुमारे ६५ मीटर वेगाने निघेल आणि त्याच्या वाट्याला ४३ ज्यूल येतील. त्याच कमानीतून ४० ग्रॅमचा तीर सोडला तर वेग ५० मीटरवर येईल, पण त्याला ५० ज्यूल मिळतील. वजन दुप्पट झाले तरी वेग पाव हिश्श्यापेक्षा कमीच घटला. वजन आणि वेग यांचा गुणाकार, ज्याला संवेग म्हणतात, तो तर दीडपटीहून थोडा अधिक झाला. मांसात आणि हाडात शिरताना तीराचा वेग झपाट्याने मोडतो. त्या क्षणी हा संवेगच त्याला पुढे ढकलत राहतो. किंमत मोजावी लागते ती दुसरीकडे. हवेचा विरोध सोडून दिला तरी ५० मीटर अंतर कापताना हलका तीर जवळपास तीन मीटर खाली येईल आणि जड तीर पाच मीटर. म्हणजे जड तीर वापरणाऱ्याला अंतराचा अंदाज पक्का हवा.

हे समीकरण आधुनिक आहे, पण त्याचा अनुभव फार जुना. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या 'ओट्झी' या माणसाच्या भात्यात चौदा तीर होते आणि त्यांतले दोनच पूर्ण झालेले होते. एका झुडपाच्या सरळ फांद्यांच्या काड्या, गारगोटीचे टोक आणि ते बसवायला भूर्जाच्या सालीपासून काढलेले डांबर व बारीक दोरा, अशी त्यांची घडण आहे. त्यांतल्या एका तीराला पुढच्या बाजूस वेगळ्या, कठीण लाकडाचा तुकडा जोडलेला आहे. १९२२ मध्ये उघडलेल्या तुतनखामेनच्या कबरीत शेकडो तीर मिळाले. त्यांच्यातही बोरूसारख्या पोकळ वेताची काडी आणि पुढे लाकडाचा जोड ही रचना आढळते. पोकळ काडी हलकी, सरळ आणि फुकटची असते, पण तिचे टोक चिरते. कठीण लाकडाचा जोड दिला की चिरणे थांबते आणि वजन नेमके जिथे हवे तिथे, म्हणजे पुढे येते. मुठीएवढ्या तुकड्याने दोन कामे होतात.

हिंदुस्थानी तीरांची हकीकत हीच आहे. संस्कृतात 'शर' हा एकच शब्द गवताला आणि बाणाला लागतो. फारसीत 'नै' म्हणजे बोरू, आणि 'नेजा' हा भाल्याचा फारसी शब्द मराठीतही रुळला. ज्या जातीच्या गवताने पंतोजी आणि मौलवी यांच्या लेखण्या केल्या त्याच जातीच्या गवताने सैन्याचे भाते भरले. मोगलकालीन हिंदी-इराणी तीर आज संग्रहालयांत पाहायला मिळतात. त्यांची काडी बहुधा बोरूची असते, टोकाशी लाकडाचा जोड, त्यात पोलादी पैकानाचा लांब देठ खोचलेला आणि वरून तांतेचे घट्ट वेष्टन. हा देठ बाहेरून दिसत नाही. पण टोकाच्या वजनात त्याची मोठी भर असते आणि तीर हाडावर आदळल्यावर पैकान काडीत मागे घुसून ती फोडत नाही, तेही या देठामुळेच. तांत आणि सरस ही तर कसायाकडची आणि मोच्याकडची वस्तू. 'सरस' हा मराठीत घरगुती झालेला शब्दही फारसी 'सिरेश'वरूनच आला आहे. पैकान हाच तीराचा महाग भाग असल्यामुळे तो शरीरातून परत काढण्याचे अवजारही शस्त्रागारात असे. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त दिलेल्या शस्त्रांच्या यादीत 'पैकानकश' आहे.

वजन कुठे असावे याबद्दल जुन्या जाणकारांत एकमत नव्हते. वसिष्ठांच्या नावाने चालणाऱ्या 'धनुर्वेदा'त बाणाचे तीन वर्ग आहेत : पुढे जाड तो स्त्री, मागे जाड तो पुरुष आणि सारखा तो नपुंसक. पहिला दूर जातो, दुसरा कठीण वस्तू भेदतो आणि तिसरा निशाणबाजीला चांगला, असा त्याचा अभिप्राय. यातला दुसरा भाग आजच्या यंत्रशास्त्राला पटण्यासारखा नाही, कारण मागे जड असलेला तीर लक्ष्यावर आडवा होऊ पाहतो. कदाचित मागे जाड काडी दोरीचा धक्का अधिक सोसत असे आणि म्हणून ती जोरदार कमानीला लावली जाई, असा याचा अर्थ करता येईल. त्याच परंपरेतला 'नाराच' हा अख्खा लोखंडी बाण. वजनाचा हा टोकाचा प्रकार आणि म्हणून तो सगळ्यांना पेलणारा नव्हता.

अरबी-फारसी ग्रंथांनी हा विषय अनुभवाच्या पातळीवरून मापाच्या पातळीवर नेला. सुलतान सलाहुद्दीनसाठी मर्दी इब्न अली तरसूसीने शस्त्रांवर ग्रंथ लिहिला. अल्तमशच्या (१२११–१२३६) नावे अर्पण केलेल्या फारसी 'आदाबुल हर्ब वश्शुजाअ' या ग्रंथात फख्रे मुदब्बिरने कमानी आणि तीर यांवर स्वतंत्र प्रकरण दिले. चौदाव्या शतकात मम्लूक राज्यात तैबुगा अल-बक्लमिशी याने तिरंदाजीचा पाठ्यग्रंथ रचला. त्याचे इंग्रजी भाषांतर लॅथम आणि पॅटरसन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केले. १५०० च्या सुमारास मोरोक्कोत कोणा अनाम लेखकाने लिहिलेला अरबी ग्रंथ प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहात आहे. नबीह अमीन फारिस हे अरब विद्वान आणि रॉबर्ट एल्मर हे धनुर्विद्येचे नादी अमेरिकी डॉक्टर, या दोघांनी मिळून तो १९४५ मध्ये इंग्रजीत आणला. भाषा जाणणारा आणि हातात धनुष्य धरणारा अशी ही जोडी होती. अशा ग्रंथांना अशीच जोडी लागते. नुसता भाषापंडित 'सूफार' म्हणजे तीराची खाच एवढेच सांगेल. ती सैल असली तर काय होते हे त्याला ठाऊक नसते.

या ग्रंथांत कमानीचा जोर रत्लमध्ये आणि तीराचे वजन दिरहममध्ये मोजले आहे. दिरहम म्हणजे सुमारे तीन ग्रॅम. सराफाच्या तराजूत जे वजन पडते तेच तीराला लावले गेले, ही गोष्ट लहान नाही. कमान जितकी जोरदार तितका तीर जड, हे तत्त्व त्यांत स्पष्ट आहे. जोरदार कमानीला अतिशय हलका तीर लावला तर कमानच फुटते हेही त्यांना माहीत होते. आपल्या वरच्या हिशेबात जी ऊर्जा तीराला मिळाली नाही ती कमानीच्याच अंगावर उलटते, तिचा हा परिणाम.

फख्रे मुदब्बिरने हिंदुस्थानी बोरूच्या तीराविषयी जे म्हटले आहे तेही याच संदर्भात वाचावे लागते. हा तीर दूर जात नाही, पण जवळून लागला तर जखम वाईट करतो, असा त्याचा आशय. तुर्की तीर सर्व बाबतींत श्रेष्ठ आणि हिंदी तीर मागासलेला, असे एक सोपे चित्र पाठ्यपुस्तकांच्या तोंडी लेखनातून रंगवले जाते. तराईनच्या दुसऱ्या लढाईचा (११९२) निकालही कधी कधी त्यावरच सोडवला जातो. ते चित्र या एका निरीक्षणानेच डळमळते. दोन वेगळ्या कामांसाठी केलेली ती दोन वेगळी हत्यारे होती.

तराईनच्या काही महिने आधी, ७ सप्टेंबर ११९१ रोजी, पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर अर्सूफची लढाई झाली. इंग्लंडचा राजा रिचर्ड याची फौज किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकत होती आणि सलाहुद्दीनचे घोडेस्वार तिच्यावर तीरांचा वर्षाव करत होते. सुलतानच्या छावणीतले काझी बहाउद्दीन इब्न शद्दाद यांनी त्या वाटचालीचे वर्णन लिहून ठेवले आहे. शत्रूच्या पायदळाच्या अंगावर जाड नमद्याचे कवच आणि त्याखाली साखळ्यांचे चिलखत होते. एकेकाच्या अंगात दहादहा तीर रुतलेले असूनही ते लोक रांग न मोडता शांतपणे चालत होते. स्वतःच्या पक्षाचे तीर निष्प्रभ ठरले हे इतक्या प्रांजळपणे लिहिणारा दरबारी इतिहासकार विरळा. बहाउद्दीन यांच्या या एका परिच्छेदाचे मोल पराक्रमाच्या दहा वर्णनांहून अधिक आहे. हे तीर सुरक्षित अंतरावरून, घोडी थकवण्यासाठी आणि रांग विस्कटण्यासाठी सोडलेले होते. अशा कामाला भात्यात जास्त मावतील असे हलके तीर सोयीचे. नमदा त्यांचा उरलासुरला वेग गिळून टाकतो. दोष तिरंदाजाच्या दंडाला देण्यात अर्थ नाही. कामच वेगळे होते.

हलकेपणाचे स्वतःचे वैभवही होतेच. इस्तंबूलच्या ओकमैदानावर उस्मानी तिरंदाज केवळ अंतरासाठी तीर सोडत आणि विक्रमाच्या जागी दगडी खांब उभारत. तिथले उत्तम तीर आठशे मीटरच्या पलीकडे गेल्याच्या नोंदी आहेत. १७९४ मध्ये लंडनमधील उस्मानी वकिलातीचे सचिव महमूद एफेंदी यांनी इंग्रज धनुर्धरांसमोर ४८० यार्डांच्या आसपास तीर फेकून त्यांना चकित केले होते. अशा तीरांनी ससाही मेला नसता, पण ते मारण्यासाठी नव्हतेच. आणखी एक प्रकार म्हणजे नळीवजा खोबणीतून सोडायचा आखूड तीर. अरबीत या खोबणीला 'मजरा' म्हणतात आणि फारसीत या जातीच्या तीराला 'नावक'. सूरह कहफच्या चाळिसाव्या आयतीतील 'हुस्बान' या शब्दाचा एक अर्थ काही कोशकारांनी असाच लहान तीर असा दिला आहे. उर्दू गझलेत नावक पापण्यांशी जोडला गेला आणि बिहारीच्या 'सतसई'ची थोरवी सांगणाऱ्या प्रसिद्ध हिंदी दोह्यात तिच्या दोह्यांना नावकाच्या तीराची उपमा मिळाली : दिसायला लहान, घाव खोल. ही जखम वजनाने झालेली नाही. ती बारीकपणाने आणि वेगाने होते.

शिकारीत मात्र वजनाचा प्रश्न आणखी एका दिशेने महत्त्वाचा ठरला आणि ती दिशा इतर संस्कृतींच्या धनुर्विद्येत क्वचितच दिसते. हातिमताईचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्याचे पुत्र हजरत अदी इब्न हातिम हे शिकारी होते. 'मिअराज' नव्हे, 'मिअराद' नावाच्या हत्याराने मारलेल्या शिकारीबद्दल त्यांनी पैगंबर साहेबांना विचारले. मिअराद म्हणजे पिसे नसलेला, मध्ये जाड आणि दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला तीर किंवा जड दांडके, असे भाष्यकारांनी सांगितले आहे. उत्तर असे मिळाले की तो टोकाने लागून आत शिरला असेल तर शिकार खावी. आडवा लागून मारला असेल तर ती 'वकीज', म्हणजे ठोकून मेलेली, ती खाऊ नये. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे आणि सूरह माइदाच्या तिसऱ्या आयतीतील 'मौकूजा'च्या मनाईशी ती जुळते.

फकीहांनी या उत्तरातून एक सूक्ष्म कसोटी तयार केली. जनावर धारेने मेले की भाराने? 'हद्द' की 'सिक्ल'? तीर सोडताना अल्लाहचे नाव घेतले, तो टोकाने शिरला आणि रक्त वाहिले, तर तो तीर सुरीच्या जागी मानला जातो. वजन केवळ त्या टोकाला पुढे ढकलत असेल तर त्याला हरकत नाही. वजनानेच जीव घेतला तर मात्र मांस वर्ज्य. कारागिराच्या भाषेत सांगायचे तर काडीत कितीही भार घाला, पुढे पाते धारदार हवे. यंत्रशास्त्राचा विद्यार्थी संवेग आणि छेद यांत जो फरक करतो तोच फरक येथे शरीअतच्या भाषेत केलेला दिसतो. दोघांचे प्रयोजन निराळे आहे आणि ते एकच असल्याचा दावा करण्याचे कारण नाही. परंतु जखम कशाने झाली हे निरखून पाहण्याची सवय मात्र दोघांनाही लागते.

या कसोटीचा सर्वांत जास्त ताण आला तो भोथऱ्या तीरावर. पाखरे मारताना पाते वापरले तर मांसाचा चेंदा होतो, शिवाय झाडात रुतलेला तीर परत मिळत नाही. म्हणून पुढे लाकडाची किंवा हाडाची गोल गाठ असलेला बोथट तीर जगभर वापरात होता. उर्दू-हिंदीत पैकान नसलेल्या तीराला 'तुक्का' म्हणतात. लागला तर तीर, नाही तर तुक्का, या म्हणीतला तो तुक्का हाच. मराठीतही 'तुक्का मारणे' म्हणजे अंदाजाने ठोकून देणे, पण बोलणाऱ्याच्या ध्यानात आता तीर उरलेला नाही. तुक्क्याने पडलेले पाखरू जिवंत हाती लागून त्याच्यावर सुरी फिरली तरच हलाल. हाच नियम मातीच्या गोळीला. हजरत अब्दुल्लाह इब्न उमर यांनी अशा गोळीने मेलेल्या शिकारीला मौकूजा म्हटले आहे. या गोळीचे अरबी नाव 'बुंदुक', मूळ अर्थ एक कवचाचे फळ. त्यावरून आपली 'बंदूक' आली. गोळी फेकणारी कमान ती गलोल. कोकणातला शाफई असो की दख्खनचा हनफी, गलोलीने पाडलेल्या पाखरावर जीव असेतो सुरी फिरवण्याची घाई दोघांनाही असते, कारण या बाबतीत दोन्ही मसलक एकच बोलतात.

बंदूक आल्यावर वाद नव्याने उभा राहिला. शिशाची गोळी शरीरात शिरते खरी, पण ती धारेने शिरते की जोराने? शाम प्रदेशातील हनफी फकीह इब्न आबिदीन (निधन १८३६) यांनी तिला धार नसते आणि ती जोराने व जाळून मारते, म्हणून तिने मेलेली शिकार हलाल धरली नाही. यमनचे शौकानी (निधन १८३४) यांनी गोळी आरपार भेदते, म्हणून ती हलाल, असे मत दिले. दोघे समकालीन, दोघांसमोर तीच हदीस. फरक पडला तो 'भेदणे' या क्रियेच्या व्याख्येत. मिअरादच्या वजनाविषयी विचारलेला प्रश्न बाराशे वर्षांनी शिशाला लावला गेला.

युरोपात वजनाचा विचार लाकडाच्या निवडीतून झाला. रॉजर ॲशम याने १५४५ च्या आपल्या 'टॉक्सोफिलस' या ग्रंथात तक्रार केली आहे की युद्धाचे तीर हल्ली हलक्या ॲस्पेन लाकडाचे करतात, ते जड ॲश लाकडाचे हवेत. त्याच वर्षी बुडालेल्या आणि १९८२ मध्ये वर काढलेल्या 'मेरी रोझ' या इंग्रज युद्धनौकेवर हजारो तीर सापडले. त्यांत बहुसंख्य ॲस्पेनच्याच कुळातल्या पॉप्लर लाकडाचे होते. ॲशमची तक्रार खरी होती, सरकारी खरेदीतले लाकूड स्वस्तच होते.

अमेरिकेत ही विद्या एका मरणासन्न जमातीकडून पुन्हा शिकली गेली. याही जमातीचा शेवटचा उरलेला माणूस इशी १९११ मध्ये कॅलिफोर्नियात लोकांसमोर आला आणि १९१६ मध्ये क्षयाने वारला. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहताना त्याने सॅक्स्टन पोप या शल्यचिकित्सकाला तीर करायला शिकवले. काचमण्यासारखा दगड मिळाला नाही तर तो फुटक्या बाटलीच्या काचेचे पाते घडवी आणि तांतेने बांधी. पोपने पुढे संग्रहालयातल्या एका जुन्या चिलखतावर सात यार्डांवरून पोलादी टोकाचा तीर सोडून पाहिला. तो चिलखत भेदून गेला. तिथल्या एका नोकराने ते चिलखत आधी स्वतःच्या अंगावर चढवायची तयारी दाखवली होती, पोपने सुदैवाने ती मानली नाही. अर्सूफच्या वर्णनाशी हा प्रयोग विसंगत वाटेल, पण सात यार्ड आणि घोड्यावरून साधलेले लांबचे अंतर यांची तुलनाच नाही.

१९४० च्या सुमारास अल्युमिनियमच्या पोकळ नळीचे तीर बाजारात आले आणि नंतर कार्बनचे. पाच हजार वर्षांनी पुन्हा पोकळ काडी आणि पुन्हा तोच जुना प्रश्न. अमेरिकी डॉक्टर एड ॲशबी यांनी १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील नाताल भागात मोठ्या जनावरांवर तीर कसे शिरतात याच्या नोंदी केल्या आणि हाड फोडायचे तर तीराचे वजन ६५० ग्रेनच्या खाली नसावे असा निष्कर्ष काढला. हे वजन ४२ ग्रॅम भरते, म्हणजे जुन्या मापाने चौदा दिरहम. या आकड्यावर धनुर्धरांत वाद आहे, पण त्यामुळे जड तीरांची आवड पुन्हा वाढली.

दुकानात मिळणारी पितळी वजने महाग, म्हणून घरोघरी युक्त्या सुरू झाल्या. गवत कापायच्या यंत्रात लागणारी जाड नायलॉनची दोरी नळीच्या लांबीएवढी कापून आत सरकवायची. वजन सबंध काडीत सारखे पसरते. टोकाकडे भार हवा तर डोके कापलेला खिळा किंवा तांब्याच्या तारेचे वेटोळे डिंकाने आत बसवायचे. तांदूळ, मीठ किंवा वाळू भरण्याचे प्रयोगही होतात आणि ते फसतात. दोरी सुटताच काडी झटक्याने पुढे जाते आणि सैल वाळू मागे राहते. भार शेपटीकडे सरकतो आणि तीर डोलू लागतो. वाळू ठासून भरून दोन्ही बाजूंनी बूच मारले तरच ती चालते. टोकावरच्या भारालाही मर्यादा आहे. सुटताना प्रत्येक काडी धनुष्याला वळसा घालताना वाकते, आणि पुढचे वजन वाढले की ती आणखी वाकते. या वाकण्यातल्या कोड्याला 'धनुर्धराचा विरोधाभास' हे नाव एल्मर यांनीच दिले आणि क्लॅरेन्स हिकमन यांनी १९३० च्या दशकात अतिवेगवान छायाचित्रांनी ते दाखवून दिले. वजन चढवले की काडीही जाड घ्यावी लागते. बोरू निवडताना बोटांनी दाबून, वाकवून पाहणारा तीरगर हेच तपासत असे.

तीरगर आणि कमानगर ही नावे पश्चिम भारतात अजून टिकून आहेत. कच्छमधील मुस्लिम कमानगर कमानी रंगवता रंगवता भिंती रंगवू लागले आणि त्यांची चित्रकला 'कमानगरी' म्हणून ओळखली जाते. मराठीत 'शिस्त' हा शब्दही याच कारखान्यातला. फारसीत 'शस्त' म्हणजे दोरी ओढताना अंगठ्यात घालायची अंगठी आणि त्यावरून नेम. जुन्या मराठीत शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. शाळेच्या फळ्यावर तो शब्द वळणासाठी आणि वागणुकीसाठी नंतर गेला.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा सारा विषय संग्रहालयाचा आणि ग्रंथालयाचा झाला. जिथे धनुष्याने शिकार कायदेशीर आहे अशा देशांतल्या मुस्लिम शिकाऱ्यांपुढे मात्र अदी इब्न हातिम यांचा प्रश्न आजही येतो. नळीत नायलॉनची दोरी आणि पुढे रुंद धारदार पाते असलेला तीर हरणाच्या छातीतून गेला, तर पुढे धार आहे म्हणून तो हलालच्या कक्षेत येतो. ससे आणि पाखरे यांच्यासाठी मात्र तिथले धनुर्धर पिस्तुलाचे रिकामे पितळी काडतूस काडीच्या टोकावर टोपणासारखे बसवतात. वस्तू टाकाऊ, वजन चांगले, काडीही चिरत नाही. पण तो मिअरादचा आडवा मारच ठरतो, आणि त्याने पडलेल्या सशापर्यंत सुरी घेऊन वेळेत पोहोचावे लागते.